ऑइल काळं पडलं, म्हणून बदलायचं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनच्या वर्कशॉपपाशी थोडा वेळ थांबलं, की एक वाद हमखास कानावर पडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "मेस्त्री, परवाच नवं ऑइल घातलंय आणि आज पट्टी काढून बघतोय तर नुसतं डांबर! दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला बघा." मेस्त्री पट्टीवरचा थेंब अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घासतो, नाकाजवळ नेतो आणि म्हणतो, "काय झालंय त्याला? चांगलं हाय की." गिऱ्हाईकाचं समाधान होत नाही. जे दिसायला घाण आहे ते चांगलं कसं?

आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गेलं, तर हाच वाद मच्छीमार बोटींवर चालू असतो. तिथं तो जरा जास्त गंभीर असतो, कारण मालट्रकचं इंजिन धरलं तर ट्रक रस्त्याकडेला उभा राहतो, बोटीचं धरलं तर बोट वाऱ्यावर जाते.

कोल्हापूरला समुद्र नाही, पण इंजिन मात्र घरचं आहे. गावोगावी वीज पोहोचण्याआधी पंचगंगा आणि भोगावतीच्या काठचा ऊस ऑइल इंजिनच्या पंपांवर भिजायचा. पलूसजवळ 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, 1946 साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि आता त्याच कंपनीचा एक मोठा कारखाना कागलच्या औद्योगिक वसाहतीत आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतलं ओतकाम देशभरच्या इंजिनांत जातं. नदीकाठचं इंजिन आणि बोटीवरचं इंजिन यांचं जगणंही एकसारखं. दोन्हींचं काम किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. दोन्ही दिवसदिवस एकाच लोडवर चालतात आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने गप्प पडून असतात. ऑइलच्या दृष्टीनं या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत, आणि ऑइलच्या डब्यावरच्या जाहिरातीत त्यांतली एकही नसते.

काजळी जाते कुठं?

डिझेल इंजिनात डिझेल हवेत आधी मिसळून ठेवलेलं नसतं. दाबानं तापलेल्या हवेत ते नोझलमधून फवारलं जातं आणि तिथल्या तिथं पेट घेतं. फवाऱ्याच्या आतल्या भागाला पुरेशी हवा मिळत नाही, तिथं काजळी धरते. बरीचशी धुरातून बाहेर पडते. थोडी लायनरच्या भिंतीवरच्या ऑइलला चिकटते आणि रिंगांनी खरवडून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये येते. जुन्या इंजिनात नोझलचा दाब कमी, रिंगा झिजलेल्या, म्हणून काजळी जास्त. यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात नवं ऑइल काही तासांतच काळं पडतं, ते यामुळं.

काजळीचा सुटा कण मिलिमीटरच्या काही लक्षांश भागाइतका, म्हणजे वीस ते पन्नास नॅनोमीटरचा असतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलची जी फिल्म असते तिची जाडी काही हजार नॅनोमीटर. एवढ्या जागेतून सुटा कण कुठंही न घासता निघून जातो. तो फिल्टरमधूनही आरपार जातो, त्यामुळं फिल्टर बदलल्यानं ऑइलचा काळेपणा कमी होत नाही. प्रश्न निर्माण होतो तो हे कण एकमेकांना चिकटून गोळे व्हायला लागले की. गोळे कॅम आणि टॅपेट खरवडतात, फिल्टर तुंबवतात, चेंबरच्या तळाशी आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसतात.

आपल्याकडचं गुऱ्हाळ ज्यानं पाहिलंय त्याला यापुढचा भाग लगेच कळेल. काहिलीत रस उकळताना गुळव्या भेंडीचं चिकट पाणी घालतो. त्या चिकटपणाला रसातली बारीक घाण धरते, तिची मळी होऊन वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकता येते. इंजिनच्या ऑइलमध्ये नेमकं उलटं करावं लागतं. आत मळी काढायला गुळव्या बसलेला नाही, म्हणून घाण एकत्र येऊच द्यायची नाही. त्यासाठी ऑइलमध्ये जी रसायनं घालतात त्यांना डिस्पर्संट म्हणतात. त्यांच्या रेणूचं एक टोक काजळीला धरतं, दुसरी लांब शेपटी ऑइलमध्ये पसरते. प्रत्येक कणाभोवती अशा शेपट्यांचं कुंपण झालं की कण जवळ येत नाहीत. काळं पडलेलं ऑइल म्हणजे हे काम नीट चालल्याची खूण. तासन्‌तास चालूनही ऑइल मधासारखं स्वच्छ राहिलं तर मला उलट शंका येईल, की घाण आत कुठं तरी साचत असणार.

म्हणजे रंगावरून निर्णय घ्यायचा नाही. मग कशावरून घ्यायचा? त्यासाठी ऑइल ज्या इतर गोष्टींशी झुंजतं त्या पाहाव्या लागतात, आणि त्यांतली पहिली गोष्ट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार बदलून गेली आहे.

गंधक गेलं, पुस्तिका तीच राहिली

डिझेलमध्ये गंधक असतं. ते जळलं की त्याचे वायू होतात, आणि पाण्याच्या वाफेबरोबर त्यांचं गंधकाम्ल होतं. यातलं थोडं रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरतं. आम्ल बेअरिंगला खातं, विशेषतः तांबं आणि शिसं यांच्या मिश्रणाचा थर असलेल्या बेअरिंगला. त्यातलं शिसं विरघळून जातं आणि पोकळ, खडबडीत तांबं मागं राहतं. गोकुळ शिरगावात मेनन बेअरिंग्जसारखे कारखाने पोलादी पाठीवर दुसऱ्या मऊ धातूचा थर चढवून जी बायमेटल बेअरिंगं बनवतात, त्यातला मऊ थर अवघा काही दशांश मिलिमीटरचा असतो. त्याचं रक्षण करायला ऑइलमध्ये अल्क, म्हणजे आम्लाला मारणारा घटक, मुद्दाम घालतात. त्याचं माप म्हणजे टीबीएन. नव्या चांगल्या डिझेल ऑइलचा टीबीएन साधारण 10 च्या आसपास असतो. इंजिन चालेल तसा तो आम्लाशी लढत खर्ची पडतो. निम्म्यावर आला की ऑइल बदलावं, असा जुना हिशेब आहे.

आता आकडे बघा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत 10,000. 2000 साली मर्यादा 2,500 वर आली, पुढं 500, 350 आणि 50 अशा पायऱ्या उतरत 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आलं, त्यात फक्त 10. दोनशे लिटरच्या एका बॅरलचा हिशेब केला तर पूर्वी त्यात दीड किलोहून जास्त गंधक असू शकायचं. आज दोन ग्रॅमसुद्धा नाही.

तुमच्या जुन्या इंजिनची छापील पुस्तिका मात्र त्या दीड किलोच्या काळातली आहे. "इतक्या तासांनी ऑइल बदला" हा तिच्यातला आकडा ठरवताना आम्ल ही मोठी चिंता होती. ती आज जवळपास संपली आहे. म्हणून पुस्तिका फेकून द्या असं मी म्हणणार नाही, कारण काजळी, पाणी आणि डिझेलची गळती तशीच आहे. पण फक्त जास्त टीबीएनच्या जाहिरातीला भुलून महाग ऑइल घेण्याचं कारण आता उरलेलं नाही. मोठ्या जहाजांवर चाळीस, सत्तर टीबीएनची ऑइलं वापरतात हे खरं. ती जहाजं काळं, जड इंधन जाळतात आणि त्यात गंधक टक्क्यांत मोजावं लागत असे. तिथंही 2020 पासून खुल्या समुद्रात अर्ध्या टक्क्याची मर्यादा आली आहे. तसलं ऑइल मिरकरवाड्याच्या ट्रॉलरमध्ये घातलं तर न वापरलेल्या अल्काची राख पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हवर बसण्यापलीकडं काही होणार नाही.

डब्यावरचे आकडे

डब्यावर 15डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-40 किंवा नुसतं 40 असं लिहिलेलं असतं. हा ऑइलच्या दाटपणाचा हिशेब. शेवटचा आकडा इंजिन तापल्यावरचा, शंभर अंशांवर मोजलेला. 40 म्हणजे 30 पेक्षा दाट. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. 15डब्ल्यूची चाचणी शून्याखाली वीस अंशांवर घेतात.

शून्याखाली वीस! गगनबावड्याच्या थंडीलासुद्धा हसू येईल. कोकण किनाऱ्यावर तर हा पहिला आकडा जवळपास निरुपयोगी आहे. म्हणून जुन्या, संथ इंजिनांच्या पुस्तिकेत साधं 30 किंवा 40 लिहिलेलं असेल तर त्यात मागासलेपण काही नाही. थंडीत पातळ आणि उष्णतेत दाट राहावं म्हणून मल्टिग्रेड ऑइलमध्ये लांब साखळीचे पॉलिमर घालतात. गिअर आणि टॅपेटच्या दाबाखाली त्या साखळ्या हळूहळू तुटतात आणि ऑइल काहीसं पातळ होतं. एकग्रेड ऑइलला ही अडचणच नसते. तरीही आज 15डब्ल्यू-40 घेणं बहुधा सोयीचं, कारण चांगल्या दर्जाची ताजी ऑइलं याच ग्रेडमध्ये सगळीकडं मिळतात. बोटीच्या रिव्हर्स गिअरबॉक्सचं मात्र वेगळं बघायचं. काही गिअरबॉक्सना एकग्रेड इंजिन ऑइलच लागतं, काहींना दुसरंच. तिथं इंजिनमधलं उरलेलं ऑइल ओतून मोकळं व्हायचं नसतं.

"इंजिन जुनं झालंय, ऑइल खातंय, मग दाट घाला" हा सल्ला सर्रास दिला जातो. थोडी मदत होतेही, प्रेशरचा काटा वर दिसतो. पण तो काटा पंपापुढचा अडथळा दाखवतो. बेअरिंगपर्यंत ऑइल किती पोहोचतंय ते तो दाखवत नाही. पहाटे थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद बेअरिंग आणि क्रँक एकमेकांना टेकलेले असतात. दाट ऑइल वरच्या टॅपेटपर्यंत उशिरा पोहोचतं आणि झीज नेमकी त्याच वेळात होते. 40 च्या जागी 50 घातल्यावर काटा वर आला, तर खर्च पुढं ढकलला एवढंच. रिंगा आणि शेल बघायची वेळ आलेलीच असते.

डब्यावरची अक्षरं

आकड्यांशेजारी एपीआय असं लिहून पुढं सीएफ-4, सीएच-4, सीआय-4, सीके-4 अशी अक्षरं असतात. सीनं सुरू होणारी डिझेल इंजिनांसाठी, एसनं सुरू होणारी पेट्रोलसाठी. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढं तितका दर्जा नवा. सीडी हा दर्जा 1955 सालचा, सीएफ-4 1990 चा, सीएच-4 1998 चा, सीआय-4 2002 चा, सीके-4 2016 अखेरचा. शेवटचा 4 चार स्ट्रोकच्या इंजिनासाठी.

जुन्या इंजिनच्या पाटीवर सीसी किंवा सीडी लिहिलेलं असलं, म्हणून तेच शोधत फिरू नये. ते दर्जे कधीच बाद झाले आहेत. त्या नावानं आज जे विकलं जातं त्याची चाचणी कुणी घेतलेली असेल याची खात्री देता येत नाही. सीएच-4 आणि सीआय-4 मध्ये काजळी विखुरण्याची ताकद कितीतरी जास्त असते आणि ती जुन्या इंजिनाला चालतात. सीके-4 ही चालतं. त्यात राखेवर एक टक्क्याची मर्यादा असते, कारण नव्या ट्रकच्या धुराड्यातली गाळणी राखेनं तुंबते. जुन्या बोटीला गाळणी नाही, त्यामुळं त्या मर्यादेचा तिला फायदा नाही आणि आजच्या डिझेलवर तोटाही नाही. सावध राहायचं ते एफए-4 पासून. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं, फक्त काही नव्या इंजिनांसाठीचं ऑइल आहे. पेट्रोल गाडीचं उरलेलं ऑइलही ओतू नये.

सिंथेटिकबद्दल मला हटकून विचारतात. सिंथेटिक ऑइल उष्णतेत लवकर सडत नाही, हा त्याचा खरा गुण. पण जुन्या बोटीचं ऑइल सडून संपत नाही, ते घाणीनं संपतं. काजळी, पाणी आणि डिझेल आत शिरल्यावर सिंथेटिकही टाकूनच द्यावं लागतं. तिप्पट पैसे मोजून दुप्पट तास चालवण्यापेक्षा साधं खनिज सीआय-4 वेळेवर बदलणं मला शहाणपणाचं वाटतं.

"नवं ऑइल घातलं की जुनं इंजिन गळतं"

हे वाक्य उद्यमनगरात आणि बंदरात सारख्याच खात्रीनं ऐकू येतं, आणि त्यात अर्धं सत्य आहे. वर्षानुवर्षं हलक्या, धुण्याची ताकद नसलेल्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात चेंबरच्या तळाशी, टॅपेट कव्हरखाली गाळाचा थर बसलेला असतो. त्यात डिटर्जंट, म्हणजे धुणारी रसायनं असलेलं ऑइल पडलं की थर सुटतो. सुटलेले तुकडे फिल्टरमध्ये, काही वेळा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. कडक झालेल्या सीलभोवतीचा गाळ सुटला की तिथून ऑइल पाझरायलाही लागतं. फुटलेलं सील आधीच फुटलेलं होतं, गाळानं ते झाकलं होतं.

म्हणून बदल हप्त्याहप्त्यानं करावा. शक्य असेल तर चेंबर उतरवून जाळी साफ करून घ्यावी. नवं ऑइल घातल्यावर पहिल्यांदा पंचवीस-तीस तासांत ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावे, पुढच्या वेळी पन्नास-साठ तासांत, मग नेहमीच्या हिशेबावर यावं. "फ्लशिंग ऑइल" म्हणून जी पातळ द्रव्यं मिळतात ती जुन्या इंजिनात मी तरी घालणार नाही. सगळा गाळ एका झटक्यात सुटतो आणि त्याला पकडायला फिल्टर एकच असतो.

थंड इंजिनाचं दुखणं

एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण डिझेलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते होतं. बहुतेक वाफ धुरातून जाते, थोडी रिंगांच्या फटीतून चेंबरमध्ये उतरते. ऑइल चांगलं तापलेलं असेल तर ती ब्रीदरमधून निघून जाते. ऑइल कोमट असेल तर तिथंच पाणी होऊन राहतं.

जुन्या बोटींच्या इंजिनात बऱ्याचदा समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवलेलं असतं. ते पाणी साठ अंशांच्या वर गेलं की त्यातले क्षार आत खडीसारखे बसायला लागतात, म्हणून अशी इंजिनं मुद्दाम थंड ठेवतात. शिवाय "गरम होतंय" म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. त्यात जाळं टाकून संथ चालण्याचे लांब तास. लोड कमी, म्हणून सिलेंडरही थंड, डिझेल पुरतं जळत नाही आणि भिंतीवरून ओघळून खाली येतं. पंचगंगेच्या काठावर ज्या इंजिनाच्या पाण्याची सोय पंपाच्या धारेतूनच केलेली असते त्याचंही असंच होतं. बाहेर पडणारं पाणी हाताला जेमतेम कोमट लागलं की मालक खूश होतो. ऑइल मात्र आत पाणी, डिझेल आणि काजळीची पेज होत असतं. गोड्या पाण्याच्या बंद फेऱ्यावर, हीट एक्स्चेंजर लावून, ऐंशी अंशांच्या आसपास चाललेलं इंजिन ऑइलला कितीतरी सुखाचं.

डिझेल मिसळण्याचं एक लक्षण फसवं आहे. ऑइलची पातळी कमी होत नाही, उलट वाढते, आणि खलाशी म्हणतो, "बघा, आपलं इंजिन ऑइल खातच नाही." पाच टक्क्यांच्या आसपास डिझेल मिसळलं तर 40 चं ऑइल 30 सारखं वागायला लागतं. त्याच्या पुढं बेअरिंगची फिल्म टिकत नाही.

समुद्राचं खारं पाणी ऑइलमध्ये शिरलं, म्हणजे ऑइल कूलर किंवा गॅस्केट गेलं, तर तासांचा हिशेब बाजूला ठेवायचा. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. आधी गळती शोधायची, मग ऑइल काढून स्वस्तातलं नवं भरायचं, थोडा वेळ चालवून तेही काढायचं आणि मगच चांगलं घालायचं. मीठ आत राहिलं तर गुळगुळीत क्रँकवर चार दिवसांत गंजाचे खड्डे पडतात.

आणखी एक गोष्ट, जी ट्रकवाल्याला कधीच लागत नाही. बोटीत इंजिन सपाट बसत नाही. पंख्याच्या शाफ्टच्या उतारानुसार ते मागं कललेलं असतं. पट्टीवरच्या खुणा सपाट इंजिनासाठी आखलेल्या असतील तर कललेल्या इंजिनात त्या खोटं बोलतात. ट्रकचं इंजिन बोटीला लावताना ठरलेलं लिटर ऑइल मोजून घालावं, बोट पाण्यावर असताना पट्टी बघून तिथं नवी खूण करावी. जास्त ऑइल घातल्यानंही इंजिन बिघडतं. क्रँक त्यात घुसळला जातो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही.

चौकट : ऑइल तपासायच्या घरगुती रीती

*डाग :* इंजिन गरम असताना पट्टीवरचा एक थेंब टिपकागदावर टाका आणि काही तास सावलीत ठेवा. मधला डाग काळा आणि बाहेर करडा रंग हळूहळू फिकट होत पसरलेला, तर काजळी अजून विखुरलेली आहे. मध्ये गच्च काळा ठिपका आणि त्याची कड सुरीनं कापल्यासारखी, तर डिस्पर्संट संपलं, ऑइल बदला. सगळ्यात बाहेर पिवळट, तेलकट कडा रुंद असेल तर डिझेल मिसळतंय. प्रत्येक कागदावर तारीख आणि तास लिहून वहीत चिकटवा. एका डागापेक्षा डागांची रांग जास्त सांगते.

*चरचर :* लोखंडी तवा दीडशे अंशांच्या आसपास तापवून त्यावर ऑइलचा थेंब टाका, चेहरा लांब ठेवून. चरचर आवाज आणि बुडबुडे म्हणजे पाणी. हजारात एक भाग पाणीसुद्धा यात कळतं.

*पातळी :* वाढली तर डिझेल किंवा पाणी. अचानक घटली तर गळती किंवा रिंगा.

किती तासांनी?

बऱ्याच जुन्या इंजिनांच्या पुस्तिकेत 100 ते 250 तासांच्या दरम्यानचा आकडा असतो. ट्रकच्या भाषेत 250 तास म्हणजे, ताशी चाळीस किलोमीटरनं, दहा हजार किलोमीटर. पण ट्रक उतारावर फुकट चालतो, नाक्यावर थांबतो. बोट बंदरातून निघाल्यावर जी एका लोडवर चालते ती चालतच राहते. म्हणून तासांपेक्षाही खरा हिशेब जळलेल्या डिझेलचा. इंजिनाच्या प्रयोगशाळेत पॉलिटेक्निकच्या पोरांनी ज्याच्यावर प्रयोग केलेत ते पाच हॉर्सपॉवरचं एक सिलेंडरचं किर्लोस्कर एव्ही-1 पूर्ण लोडवर तासाला साधारण किलोवॉटमागं पाव किलोच्या हिशेबानं, म्हणजे एक लिटरच्या आसपास डिझेल पितं. शंभर हॉर्सपॉवरचं सहा सिलेंडरचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला वीस लिटरच्या आसपास. समजा त्याच्या चेंबरमध्ये अठरा लिटर ऑइल मावतं. 250 तासांत पाच हजार लिटर डिझेल जळलं, म्हणजे ऑइलच्या प्रत्येक लिटरनं पावणेतीनशे लिटर डिझेलची काजळी अंगावर घेतली. तेच इंजिन निम्म्या लोडवर, पण ठीक तापून चाललं, तर याच्या निम्मी. चेंबर लहान आणि इंजिन ताकदीचं असेल तर ऑइल लवकर थकतं, हे या एका भागाकारात दिसतं. बोटीच्या मालकाकडं डिझेलचा हिशेब त्यावरच्या कराच्या परताव्यासाठी लिहिलेला असतोच. त्याच वहीत ऑइलचा रकाना घातला तर वेगळं काही करावं लागत नाही.

माझं मत असं : पुस्तिकेतल्या आकड्यापासून सुरुवात करा. इंजिन गार चालत असेल किंवा संथ फार चालत असेल तर त्यातून तिसरा हिस्सा वजा करा. गरम, बंद फेऱ्यावरचं आणि चांगल्या नोझलचं असेल तर तोच आकडा ठेवा. तो वाढवायची इच्छा असेल तर अंदाजानं वाढवू नका, ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तिथं ऑइलमधले धातू मोजतात. लोखंड वाढलं तर लायनर किंवा कॅम, तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंग, सिलिकॉन वाढलं तर हवेच्या फिल्टरमधून धूळ, सोडियम वाढलं तर बहुधा समुद्राचं पाणी. इंजिन न उघडता कळणाऱ्या या गोष्टींसाठी एका तपासणीचा खर्च जास्त नाही. फिल्टर मात्र दर वेळी ऑइलबरोबरच बदलायचा. जुन्या फिल्टरमध्ये लिटरभर घाण ऑइल उरतं आणि नव्याला लगेच नासवतं.

मोठी जहाजं ऑइल असं पूर्ण बदलतच नाहीत. त्यांच्या इंजिनात हजारो लिटर ऑइल असतं आणि ते फिरत्या सेंट्रिफ्यूजमधून सतत स्वच्छ केलं जातं. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी 1878 साली दुधातली साय वेगळी करण्यासाठी जे यंत्र केलं त्याचाच हा वंशज. आपल्या ट्रॉलरला तो परवडत नाही आणि त्याची गरजही नाही.

31 मेच्या आधी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढल्या जातात किंवा खाडीत नांगरतात. ऑइल बदलण्याची रीत मात्र बहुतेक ठिकाणी ऑगस्टची : "आता बंदच ठेवायचंय, मग नवं ऑइल कशाला वाया घालवायचं? सीझन सुरू करताना घालू." हिशेबाला हे बरोबर दिसतं, पण इंजिनसाठी वाईट आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी, उरलंसुरलं आम्ल आणि अर्धवट जळालेलं डिझेल असतं. ते दोन महिने, दमट हवेत, एकाच जागी थांबलेल्या बेअरिंगला आणि लायनरला टेकून राहतं. चालू इंजिनात नवं ऑइल सतत फिरतं, बंद इंजिनात एकाच ठिकाणी खाणं चालू राहतं. म्हणून बदल मेअखेरीस करायचा. इंजिन चांगलं तापवून, ऑइल पातळ आणि घाण तरंगत असताना काढायचं, फिल्टर बदलून नवं भरायचं, दहा-पंधरा मिनिटं चालवून ते सगळीकडं पोहोचू द्यायचं आणि मग बंद करायचं. उसाच्या इंजिनालाही हेच लागू, पाऊस लागायच्या आत. आणि वर्षभरात फारसं काम न झालेलं इंजिन असलं तरी वर्षाला एकदा ऑइल बदलायचंच, तासांचं मीटर काहीही म्हणो.

काढलेलं काळं ऑइल पूर्वी बोटीच्या लाकडाला आणि शेतातल्या खांबांना फासत असत. त्यात ज्वलनातून आलेली घातक संयुगं असतात, उघड्या हातानं ते लावणं बरं नाही. बंदरात ओतलेलं लिटरभर ऑइलही पाण्यावर फार लांब तवंग धरतं. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पाणी किंवा रॉकेल न मिसळता, नोंदणीकृत गोळा करणाऱ्याकडं द्यावं. शुद्ध करून त्याचं पुन्हा वंगण होतं.

ऑगस्टमध्ये इंजिन चालू करताना लगेच पेटवायचं नाही. डिझेलचा स्टॉप ओढून धरायचा आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टरनं थोडं थोडं, मध्ये विसावा देत फिरवायचं. हँडलच्या एक सिलेंडरी इंजिनात डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून वीस-पंचवीस फेरे हातानं द्यायचे. मग पेटवायचं, आणि पहिली पाच मिनिटं लोड द्यायचा नाही.